एकच मंदिर आणि दूरचे भक्त

प्रश्न : बायबलचा जुना करार वाचताना एक शंका आली. बळी फक्त एकाच ठिकाणी, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरात अर्पण करायचा, इतर कुठेही नाही, असे त्यात निक्षून सांगितले आहे. मग ज्या ज्यूंना जेरुसलेमला जाणे शक्य नव्हते, त्यांनी काय करायचे? रोजच्या जगण्यात ते धर्म कसा पाळत? पुढे ते मंदिरही रोमनांनी पाडले, तरी धर्म बुडाला कसा नाही? आणि जाता जाता : आपल्या कोकणातल्या शनिवार तेल्यांचा या जुन्या काळाशी खरोखर काही धागा जुळतो का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नियम होता हे खरे. तो किती जणांना ठाऊक होता आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जण पाळत, हा त्याच्या आधीचा प्रश्न. गेल्या सव्वाशे वर्षांत जमिनीतून निघालेल्या वस्तूंनी त्याचे उत्तर पार बदलून टाकले आहे.

तुम्ही म्हणता तो नियम 'अनुवाद' या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. गंमत अशी की त्यात जेरुसलेमचे नाव येत नाही. देव जे स्थान निवडील तिथेच होमबळी आणा, एवढेच सांगितले आहे. ते स्थान म्हणजे जेरुसलेमच, हे हट्टाने अमलात आणले यहूदाचा राजा योशीया याने, इ.स.पू. ६२२च्या सुमारास. मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडला, राजाने तो वाचून घेतला, अंगावरची वस्त्रे फाडली आणि गावोगावची पूजास्थाने उद्ध्वस्त करवली, अशी हकीकत 'राजे'च्या दुसऱ्या पुस्तकात येते. एवढी मोहीम काढावी लागली, त्या अर्थी मोडण्याजोगे बरेच काही उभे असणार. होतेच. नेगेवच्या वाळवंटात अराद इथल्या किल्ल्यात यहूदाच्याच सैनिकांचे एक लहानसे मंदिर सापडले आहे, इ.स.पू. आठव्या शतकातले. त्याच्या गाभाऱ्याच्या तोंडाशी दोन धूपवेद्या होत्या. त्यांच्यावर चिकटलेल्या काळ्या थराचे रासायनिक परीक्षण २०२० साली प्रसिद्ध झाले. एकीवर ऊद निघाला आणि दुसरीवर गांजा. (देवळात गांजा म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला धक्का बसणार नाही, तिकडच्या वर्तमानपत्रांना मात्र बसला.) जेरुसलेमपासून सात किलोमीटरसुद्धा लांब नसलेल्या तेल मोझा इथेही राजेशाहीच्या काळातले मंदिर निघाले आहे. राजधानीच्या वेशीबाहेर ही स्थिती, तर लांबच्यांची काय कथा!

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेम घेतले, मंदिर जाळले आणि प्रतिष्ठित घराणी बाबिलोनियात नेली. पुढे इराणी राजवटीत, इ.स.पू. ५१५च्या सुमारास, दुसरे मंदिर उभे राहिले. पण परतले ते थोडेच. त्यानंतरच्या साऱ्या काळात जेरुसलेमपासून दूर राहणारा ज्यू हा अपवाद उरत नाही, पुढे पुढे तर तोच बहुसंख्य होतो.

या दूरच्या लोकांपैकी ज्यांच्याविषयी आपल्याला सर्वांत जास्त ठाऊक आहे, ते इजिप्तच्या पार दक्षिण टोकाला राहत. आस्वानसमोर नाईल नदीत एलिफंटाइन नावाचे बेट आहे, त्या काळी त्याला येब म्हणत. जेरुसलेमपासून सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर भरते. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्त इराणी सम्राटांच्या ताब्यात होते आणि या बेटावर सरहद्द राखायला ज्यू शिपायांची पलटण होती. बायकापोरांसह, पिढ्यान्‌पिढ्या. ते अरामी भाषेत लिहीत आणि त्यांची कागदपत्रे, म्हणजे पपायरसच्या गुंडाळ्या आणि खापरांवरच्या चिठ्ठ्या, कोरड्या हवेमुळे टिकून राहिली. काही गुंडाळ्या चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकन गृहस्थाने १८९३ साली विकत घेतल्या. तो वारला आणि त्या त्याच्या ट्रंकेत तशाच पडून राहिल्या. त्याच्या मुलीने त्या ब्रुकलिनच्या संग्रहालयाला दिल्या आणि त्या छापून आल्या १९५३ साली. मधल्या काळात, १९०६ ते १९०८ दरम्यान, जर्मन उत्खननात आणखी मोठा साठा हाती आला होता.

त्या कागदांत पहिली गोष्ट कोणती दिसली असेल, तर या शिपायांचे स्वतःचे मंदिर. देवाचे नाव ते याहो असे लिहीत. दगडी खांब, पाच दगडी दरवाजे, देवदाराचे छत, सोन्याचांदीची पात्रे असलेले हे मंदिर होते आणि त्यात वेदीवर होमबळी दिले जात. इराणी बादशहा कंबुजीय इजिप्तवर चालून आला (इ.स.पू. ५२५) तेव्हाही ते उभे होते, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. म्हणजे 'एकाच स्थानी' या नियमाचे राजरोस उल्लंघन. पण त्यांच्या लिखाणात अपराधाची पुसटशीही जाणीव नाही. आपण काही चुकीचे करतो आहोत असे त्यांच्या मनातही नव्हते.

याहून चक्रावून टाकणारी बाब वेगळीच आहे. या साऱ्या कागदपत्रांत मोशेचे नाव नाही, अब्राहामाचे नाही, इजिप्तमधून सुटकेच्या कथेचाही उल्लेख नाही. बायबलच्या कुठल्याही पुस्तकाचा तुकडा तिथे सापडला नाही. सापडली ती अहिकार नावाच्या शहाण्या मंत्र्याची गोष्ट आणि दारयवहू बादशहाच्या बेहिस्तून शिलालेखाची अरामी नक्कल. वर्गणीची एक यादी आहे. माणशी दोन शेकेल चांदी जमवलेली, आणि शेवटी हिशेब : याहोसाठी इतके, एशेम-बेथेल या देवासाठी इतके, अनात-बेथेल या देवीसाठी इतके. देवीचा वाटा याहोच्या वाट्याच्या जवळपास आहे. खजिनदाराने तो लपवलेलाही नाही.

तर मग हे लोक ज्यू कशावरून? ते स्वतःला तसे म्हणवून घेत, हे एक. मुलांची नावे याहोवरून ठेवत, हे दुसरे. आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, त्यांना ठाऊक होता. खापरावरची एक चिठ्ठी आहे. भाजीची होडी उद्या, शब्बाथच्या दिवशी येणार आहे, तू उतरवून घ्यायला जा, माल वाया गेला तर याहोची शपथ, तुझा जीवच घेईन, असा तिचा मथितार्थ. शब्बाथचे नाव घेऊन, देवाची शपथ घालून, शब्बाथच्याच दिवशी कामाला जुंपणारी ही चिठ्ठी मला फार आवडते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती वाईट, पण माणसे कशी जगत होती ते ती एका खापरात सांगते. जेरुसलेममध्ये तरी काय वेगळे होते? त्याच शतकात तिथला सुभेदार नहेम्या तक्रार करतो की लोक शब्बाथला द्राक्षकुंड तुडवतात, गाढवांवर धान्य लादतात आणि सोरचे व्यापारी शहरात येऊन मासळी विकतात. शेवटी त्याने शुक्रवारी तिन्हीसांजेला वेशीचे दरवाजे बंद करवले.

घरातली परिस्थिती पाहायची तर मिवटाह्या आणि तामूत या दोन बायकांचे दस्तऐवज पाहावेत. मिवटाह्याला बापाने घर दिले होते, ते तिच्या नावावर होते. तिने एशोर नावाच्या इजिप्शियन बांधकाम-कारागिराशी लग्न केले. त्या करारात स्पष्ट कलम आहे : तिने उद्या सभेत उभे राहून नवरा नको म्हटले, तर साडेसात शेकेल मोजायचे, आपले आणलेले सारे सामान घ्यायचे आणि वाटेल तिथे जायचे. नवऱ्यासाठीही तसेच कलम. पुढे कधी काळी एका मालमत्तेच्या तंट्यात तिला शपथ घ्यावी लागली, तेव्हा तिने ती इजिप्शियन देवी सातीच्या नावाने घेतली. दुसरी, तामूत, ही इजिप्शियन दासी. इ.स.पू. ४४९ मध्ये याहोच्या मंदिराचा सेवक अनान्या याने तिच्याशी लग्न केले, ती दासी असतानाच. तिच्या धन्याने तिला आणि तिच्या मुलीला मुक्त केले ते बावीस वर्षांनी. अनान्याने मंदिरासमोरच एक पडीक घर १४ शेकेलला घेतले आणि नंतर त्याचा भाग बायकोच्या नावे केला. इ.स.पू. ४०२ च्या एका खरेदीखतात तामूतचाही उल्लेख याहोची सेविका असा येतो. ही बाई इजिप्शियन देवदेवतांत वाढली, ज्यू घरात राबली आणि म्हातारपणी मंदिराच्या सेवेत नाव लावून बसली. धर्मांतराचा एखादा विधी झाला होता का, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बहुधा कोणाला गरजच वाटली नसावी.

इ.स.पू. ४१९ मध्ये हनन्या नावाच्या कुणा ज्यू माणसाने या पलटणीला पत्र धाडले. पपायरस फाटका आहे, वल्हांडण सणाचे नाव त्यात उरलेले नाही, पण नीसान महिन्याच्या १५ ते २१ तारखांना खमिराचे काही खाऊ नका, शुद्ध राहा, काम करू नका, असा आदेश वाचता येतो. बेखमीर भाकरीचा सण म्हणजे हाच. बाहेरून कोणी तरी येऊन यांना पंचांग शिकवत होते, असे त्यातून दिसते.

आणि मग इ.स.पू. ४१० मध्ये ते मंदिर पडले. शेजारीच ख्नूम या एडक्याच्या डोक्याच्या देवाचे देवालय होते. त्याच्या पुजाऱ्यांनी विद्रंग नावाच्या इराणी अधिकाऱ्याला पैसे चारले आणि इजिप्तचा सुभेदार बादशहाकडे गेलेला असताना शिपाई घालून याहोचे मंदिर जमीनदोस्त केले. एडका ज्यांचा देव, त्यांच्या शेजारी मेंढरांचे बळी दिले जात होते, भांडणाचे मूळ त्यात असावे असे काही अभ्यासक म्हणतात. जागेचा तंटाही होताच. आमच्या मंडळींनी गोणपाट नेसले, उपास धरले, तेल-मद्य सोडले आणि अर्जांचा सपाटा लावला. जेरुसलेमचा महायाजक योहानान याला पत्र गेले. त्याने उत्तरच दिले नाही! तीन वर्षे वाट पाहून, इ.स.पू. ४०७ मध्ये, यहूदाचा सुभेदार बागोही याला सविस्तर अर्ज केला आणि शोमरोनच्या सुभेदाराच्या मुलांनाही कळवले. आपले दुसरे मंदिर म्हणजे जेरुसलेमच्या डोळ्यांत सलणारे कुसळ असू शकेल, ही कल्पना या साध्या शिपायांना नसावी. असती, तर महायाजकाच्या मौनाची तक्रार त्यांनी इतक्या निरागसपणे सरकारदरबारी केली नसती.

आलेले उत्तर मोठे मुत्सद्दी आहे. मंदिर पूर्वीच्या जागी बांधा, वेदीवर अन्नार्पण आणि धूप चालू द्या. होमबळीबद्दल अक्षर नाही. अर्जदारांनी खूण ओळखली. पलटणीच्या पाच पुढाऱ्यांनी लिहून दिले की मेंढरू, बैल, बकरा यांचा होम इथे होणार नाही, फक्त धूप आणि अन्न, वर सरकारात चांदी आणि एक हजार माप जव भरू. रक्ताचा बळी जेरुसलेमसाठी राखून ठेवला गेला. एकमेव मंदिराचा नियम ९०० किलोमीटरवर पोहोचला तो असा, अर्ध्यामुर्ध्या तडजोडीने, फायलीतून. इ.स.पू. ४०२च्या दस्तात मंदिर पुन्हा उभे असल्याचे दिसते. त्यानंतर थोड्याच वर्षांत इराण्यांची सत्ता इजिप्तमधून गेली आणि ही वसाहत कागदांतून नाहीशी होते.

आता उरलेल्या काळाकडे जरा भराभर जाऊ. दुसरे मंदिर बांधणारे हे एकटेच नव्हते. शोमरोनी लोकांचे मंदिर गरिज्जीम डोंगरावर होते, ते पुढे यहूदाच्याच योहान हिर्कान या शासकाने पाडले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात जेरुसलेमच्या याजकघराण्यातला ओनियास इजिप्तला गेला आणि तिथला ग्रीक राजा सहावा टॉलेमी याच्या परवानगीने लिओंतोपोलिसला त्याने मंदिर उभारले. ते दोनशेहून जास्त वर्षे चालले.

पण दूरच्या ज्यूंची खरी युक्ती वेगळी होती. त्यांनी बळीशिवायचे एक घर शोधून काढले. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तमध्ये ग्रीक शिलालेख मिळतात : अमुक गावच्या ज्यूंनी राजा टॉलेमी आणि राणी बेरेनीके यांच्या कल्याणासाठी हे प्रार्थनागृह बांधले. पुढे त्यालाच सिनेगॉग नाव पडले. तिथे वेदी नाही, आग नाही, याजकाची जरुरी नाही. लोक जमणार, ग्रंथ वाचणार, ऐकणार, गावचे व्यवहारही तिथेच उरकणार. ग्रंथ ग्रीकमध्ये होता, कारण अलेक्झांड्रियाच्या ज्यूंना हिब्रू समजेनासे झाले होते. फारोस बेटावर ते भाषांतर झाले म्हणून तिथे दरवर्षी उत्सव होई आणि ज्यू नसलेले लोकही त्यात येत, असे तिथला तत्त्वज्ञ फायलो सांगतो.

सिनेगॉग हा मंदिर पडल्यावरचा तोडगा, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते बरोबर नाही. मंदिर दिमाखात उभे असताना खुद्द जेरुसलेममध्ये सिनेगॉग होता. थेओदोतोस नावाच्या याजकाचा ग्रीक शिलालेख तिथे सापडला आहे. आपला बाप आणि आजाही सिनेगॉगचे प्रमुख होते, नियमशास्त्राचे वाचन आणि आज्ञांची शिकवण यासाठी ही वास्तू बांधली, शिवाय परदेशाहून येणाऱ्यांसाठी उतरायच्या खोल्या आणि पाण्याची सोय केली, असे तो सांगतो. मंदिराशेजारी धर्मशाळेसकट सिनेगॉग! दोन्ही व्यवस्था एकमेकींना पूरक होत्या.

उतारू येत ते वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या तीन यात्रांना. नियम सांगतो की प्रत्येक पुरुषाने वर्षातून तीनदा यावे. रोमहून किंवा अलेक्झांड्रियाहून कोण येणार तीनदा? फायलोसारखा गडगंज घरचा माणूसही अश्कलोनमार्गे मंदिरात प्रार्थनेला गेल्याचा उल्लेख करतो तो एका प्रवासाचाच. बाकीच्यांसाठी होता अर्धा शेकेल. दर प्रौढ पुरुषाने वर्षाला एवढी चांदी मंदिराकडे धाडायची, आणि त्यातून सकाळ-संध्याकाळचा कोकराचा नित्यबळी चालायचा. वारीला न गेलेल्याने जाणाऱ्याच्या हाती तुळशी-बुक्क्याचे पैसे द्यावेत, तसा हा व्यवहार, फक्त सक्तीचा आणि साम्राज्यभर पसरलेला. रकमा थोड्या नव्हत्या. इ.स.पू. ६२ मध्ये आशिया प्रांताचा रोमन सुभेदार फ्लाक्कस याने ते सोने वाटेतच जप्त केले. तीन वर्षांनी त्याच्यावर खटला झाला तेव्हा त्याचा वकील सिसेरो भर न्यायसभेत आकडे सांगतो : अपामेआ या एका गावी जवळजवळ १०० रोमन पौंड सोने, लाओदिकेआला २० पौंडांहून जास्त. वकिलाला अशिलाची बाजू मांडायची होती. आपल्याला आयता हिशेब मिळाला.

घरोघरीचा धर्म मात्र चांदीवर चालत नव्हता. तो चाले शब्बाथवर, खाण्यापिण्यावर, सुंतेवर आणि शुद्धीवर. पहिल्या शतकातल्या यहूदा-गालीलात उत्खनन केले की दोन वस्तू हमखास मिळतात : पायऱ्या उतरून बुडी मारण्याचे कुंड आणि चुनखडीच्या दगडाची भांडी. मातीचे भांडे विटाळले की फोडावे लागे, दगडाला विटाळ लागत नाही असा नियम होता, तेव्हा लोकांनी दगडाचे पेले करून घेतले. सोवळ्याची ही गणिते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. शब्बाथची रोमनांना भारी चीड होती. तत्त्वज्ञ सेनेका म्हणे की हे लोक आयुष्याचा सातवा भाग आळसात घालवतात. पण सरकार व्यवहारी होते. रोम शहरात फुकट धान्यवाटपाचा दिवस शब्बाथला आला, तर ज्यूंचा वाटा दुसऱ्या दिवशी द्यावा, अशी ऑगस्टस बादशहाची आज्ञा होती. गरीब ज्यू त्या दिवशी धान्यालाही हात लावत नव्हता, हे त्यावरून कळते. येबच्या भाजीच्या होडीपासून इथवर साडेचारशे वर्षे गेली होती, आणि नियम आता हाडीमासी खिळला होता.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतसच्या सैन्याने मंदिर जाळले. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आतापर्यंत तुमच्या लक्षात आले असेल. बळी थांबले, याजकांचे काम गेले, पण अलेक्झांड्रिया, रोम, बाबिलोन इथल्या ज्यूच्या शनिवारात काय फरक पडला? तो आधीपासूनच मंदिराविना जगत होता. यहूदातल्या लोकांना जे नव्याने शिकावे लागले, ते दूरच्यांना तीनशे वर्षांपासून अंगवळणी पडलेले होते. फरक पडला तो खिशाला. अर्ध्या शेकेलाऐवजी रोमने सर्व ज्यूंवर, बायका-मुलांसकट, वर्षाला दोन दीनार कर लादला आणि तो कुणाला, तर कॅपिटोलच्या ज्युपिटरला! पुढे दोमिशियन बादशहाच्या काळात वसुली इतकी कडक झाली की नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याची सुंता झाली आहे का, हे भर कचेरीत कपडे उतरवून पाहिले गेले. कोवळ्या तरुणपणी ते आपण डोळ्यांनी पाहिल्याचे इतिहासकार स्वेतोनियस लिहितो.

रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, काय केले, तर बळीचे शास्त्र टाकून दिले नाही. यावने इथे योहानान बेन झक्काय आणि त्याच्या शिष्यांनी अभ्यास चालू ठेवला, आणि इ.स. २००च्या सुमारास मिश्ना ही धर्मनियमांची संहिता संकलित झाली. तिच्या सहा भागांपैकी एक अख्खा भाग मंदिरातल्या बळींविषयी आहे. वेदी विझून १३० वर्षे झाल्यावर कोणते रक्त कोणत्या कोपऱ्यावर शिंपायचे याची चर्चा! मला हे वेड वाटत नाही. परतायचे आहे अशा घराच्या किल्ल्या कोणी फेकून देत नाही.

आणि सामान्य माणूस? रोमविरुद्धच्या दुसऱ्या उठावात (१३२ ते १३५) बंडाचा नेता शिमोन बार कोसिबा ऐन धुमाळीत एका हाताखालच्या माणसाला लिहितो, की दोन गाढवे पाठवली आहेत, त्यांवर मंडपांच्या सणासाठी खजुराच्या फांद्या आणि एत्रोग लिंबे पाठव, मर्टल आणि वाळुंजाच्या डहाळ्याही जमव, आणि त्याचा दशमांश काढायला विसरू नकोस. हे पत्र मृत समुद्राकाठच्या गुहेत सापडले. शत्रू दारात असताना सेनापतीला सणाच्या फांद्यांची काळजी होती.

आता कोकण. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. काही जण हा प्रसंग इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेऊन ठेवतात. लेखी पुरावा मात्र फार उशिराचा, त्यांच्याविषयीचा एक लवकरचा स्पष्ट उल्लेख १७३८ सालच्या मिशनऱ्याच्या पत्रात येतो. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हता, 'शेमा' ही प्रार्थना तोंडी होती, सुंता होती, शब्बाथ होता. दाविद रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने त्यांना ओळखले ते मासळीवरून, अशी त्यांची कथा आहे. त्याने मिश्र मासळी रांधायला दिली, बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. कोकणात राहून कोळंबी आणि कुर्ल्या सोडणे ही काही लहानसहान धर्मनिष्ठा नव्हे.

त्यांना हनुक्का ठाऊक नव्हता, आणि तो सण इ.स.पू. १६४च्या घटनेवरून निघाला, म्हणून ते त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद तुम्ही वाचला असेल. मला तो पटत नाही. येबच्या पलटणीला मोशेचे नावही लिहावेसे वाटले नाही, त्यावरून ते मोशेच्याही आधी निघाले असे आपण म्हणत नाही. ग्रंथाविना राहिलेल्या समाजात एखादा सण गळून जायला दोन-चार पिढ्या पुरतात. कालनिश्चितीसाठी हा पुरावा लंगडा आहे. पण तुमचा प्रश्न धाग्याचा होता, आणि तो आहे. शनिवारची सुट्टी, खवल्यांची मासळी, आठव्या दिवशीची सुंता आणि एक पाठ प्रार्थना : अलेक्झांड्रियातला ज्यू आपल्याजवळ काय बाळगून होता याची यादी करायला घेतली, तर तिची सुरुवात याच चार गोष्टींनी करावी लागेल. हनुक्का आणि उरलेले सण बेने इस्राएलांना पुढे कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंच्या संपर्कातून मिळाले, आणि मुंबईत त्यांचा पहिला सिनेगॉग १७९६ साली उभा राहिला. मशीद बंदर भागात तो आजही चालू आहे.